दीपगृहाच्या दक्षिणेला

माझ्या साडूला सगळं बंदर थापाड्या म्हणतं. मासा कुठे लागतोय हे वायरलेसवर कोणीच खरं सांगत नाही, पण हा त्यातला वस्ताद. त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं ठरलेलंच होतं: दीपगृहाच्या उत्तरेला मासा लागला की दक्षिण म्हणायचं, दक्षिणेला लागला की उत्तर. बाकीच्या बोटी भलतीकडे पळायच्या आणि हे दोघे पोट धरून हसायचे.

पुढे थापाड्याला पाठीने दगा दिला, जाळं ओढवेना. मग तो हौशी लोकांना गळाने मासे धरायला नेऊ लागला. सोबतीला मी. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. भरल्या पोटाचे चोचले, दुसरं काय. धाकटा मात्र आपल्या छोट्या बोटीवर एकटाच जाळं टाकत राहिला.

त्या दुपारी वारा एकाएकी उठला. आमच्या बोटीवरच्या हौशी साहेबांच्या गळाला मोठा मासा लागला होता, तेवढ्यात वायरलेसवर धाकट्याचा आवाज आला.

"दादा, बोटीत पाणी शिरतंय. दीपगृहाच्या दक्षिणेला आहे. लवकर ये."

मग नुसती खरखर.

थापाड्याने सुरीने गळाची दोरी कापली. साहेब ओरडत राहिले. आसपासच्या बोटी दक्षिणेकडे वळू लागल्या होत्या. त्याने वायरलेस उचलला आणि इतकी वर्षं जपलेलं गुपित एका दमात सगळ्यांना सांगून टाकलं.

"तिकडे जाऊ नका. तो दक्षिण म्हणाला म्हणजे उत्तरेला आहे. आमचं ठरलेलं आहे तसं. पाया पडतो तुमच्या, माझ्या मागे या."

आणि जन्मात पहिल्यांदा लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

उत्तरेला खवळलेल्या पाण्याशिवाय काही नव्हतं. हाका मारून मारून त्याचा घसा बसला. शेवटी मीच म्हणालो, "अरे, तो खरंच दक्षिणेला असला तर?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याच्याने तो बघवेना.

आम्ही दक्षिणेला पोचलो तेव्हा उलटलेली बोट तेवढी सापडली.

धक्क्यावर धाकट्याची बायको उभी होती. थापाड्याने तिच्यापासून काही लपवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. फक्त एवढंच विचारलं,

"बुडणारा माणूस कशाला खोटं बोलेल, भाऊजी?"