नागवेलींसाठी पेटवलेला बंब

आमच्या पाच नागवेलींना थंडी वाजते, हा शोध मला लागला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि पूर्ण शुद्धीवर होतो.

निजामाच्या राज्यातलं आमचं गाव जळकोटपासून कोसभर आत. आबांचं किराणा दुकान होतं. घरात आंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी चहाला शिवत नसे, आणि दारूचं नुसतं नाव निघालं तरी आई चूळ भरायची. अशा आमच्या घरी धाकट्या गिरिजाला नळदुर्गच्या मलकप्पांच्या मुलाचं स्थळ सांगून आलं. मुलगा देखणा, आणि गिरिजाच्या मनात भरलेला. मलकप्पांचा पिढीजात पानमळा. बोलणी चालू असताना ते सहज म्हणाले, "तुमच्या गावात नागवेल येत न्हाय. हवाच न्हाय तशी."

"न्हाय कशी? साखरपुड्याचा विडा आमच्या घरच्या पानांचाच देतो!" एक जण म्हणाला. तो एक जण मी होतो. (आबांनी जाजमावर माझा पाय दाबला होता. मला वाटलं, चुकून लागला.)

वेली होत्या, नाही असं नाही. परसात मी हौसेनं पाच लावल्या होत्या. सोलापुरात एका साहेबाच्या बागेत काचेची खोली पाहिली होती, तशीच चार हात लांबीची एक मी जुन्या खिडक्या जोडून उभी केली होती. पण मार्गशीर्षाची थंडी पडली आणि पानं काळी पडायला लागली. साखरपुडा दहा दिवसांवर! आत ऊब पाहिजे होती. कशाची, एवढाच प्रश्न होता.

पहिल्यांदा कोळशाची शेगडी ठेवली. वेलींना काय वाटलं ते कळलं नाही, कारण घटकाभरानं आबांनी मलाच पाय धरून बाहेर ओढलं. मग डोक्यात आलं की गोठा कसा उबदार असतो! तो उबदार असतो म्हशीमुळं. म्हणून म्हैस काचघरात बांधली. ऊब उत्तम आली. सकाळी बघतो तर पाचातल्या दोन वेली म्हशीच्या पोटात उबेला गेलेल्या.

"अण्णा," गिरिजा दारात उभी राहून म्हणाली, "माझं लगीन मोडलं तर उरलेल्या वेलांनी तुलाच बांधून घालीन."

"तू निर्धास्त राहा. आता बंब लावतो."

"कुठला बंब?" आतून आईचा आवाज आला. तिला संशय यायला एवढं पुरे होतं.

बंब घरात एकच होता. आंघोळीच्या पाण्याचा, तांब्याचा, आईच्या माहेरचा. तो मी परसात नेला, तांबटाकडून झाकणाला लांब नळी डाखून घेतली आणि नळीचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून काचघरात सोडलं. खाली जाळ, वर वाफ, आत ऊब! घरातल्या माणसांनी आठ दिवस गार पाण्यानं आंघोळी केल्या. "वेल जगावी म्हणून माणसं मारतोस व्हय रं?" आई कुडकुडत विचारायची.

त्यात पानमळ्याचा नियम मला पाठ होता. मळ्यात चप्पल घालून जायचं नाही आणि पारोशानं तर पाऊलच टाकायचं नाही, नाहीतर वेल जळते. माझा मळा चार हातांचा असला तरी नियम पुरा होता. शिवाय दृष्ट लागू नये म्हणून काचांवर आतून पोती लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. खताला म्हणून मडक्यात शेंगदाण्याची पेंड भिजवून आंबवली होती, तिचा वास मारुतीच्या पारापर्यंत जात होता.

आता तुम्हीच बघा. तांब्याचं भांडं, त्याला नळी, खाली जाळ, आंबूस वास, बंद दार. मला सोडून साऱ्या गावाला कळलं होतं.

शेजारचे सदाभाऊ एके दिवशी धोतराच्या सोग्यात बाटली झाकून आले. "शिवलिंग, पोटात लई कळ येतीया बग. औषधापुरती दे."

"काय देऊ?"

"आता माज्याफुडं सोंग करतोस व्हय? वास काय आमाला येत न्हाय?"

"सदाभाऊ, आत नागवेल हाय."

"व्हय व्हय. आमच्या मामाकडं बी नागवेलच होती. दोन साल कैदेत होता." आणि रिकामी बाटली घेऊन ते फणफणत गेले. (पुढं जे झालं ते त्यांनीच केलं असा माझा अजून संशय आहे.)

साखरपुड्याच्या सकाळी थंडी कडाक्याची होती. पानं टवटवीत राहावीत म्हणून मी बंबात दुप्पट लाकडं कोंबली. पाहुणे जाजमावर बसले. मलकप्पांनी दोनदा नाक वर करून हवा हुंगली आणि आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात दारात आबकारीचा जमादार दोन शिपाई घेऊन उभा!

"भट्टी किधर है?"

मलकप्पा ताडकन उठले. आतल्या दारात गिरिजा नेसून-सवरून उभी होती, तिचे डोळे भरून आले होते, आणि त्या क्षणी मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जमादार बुटांसकट परसात निघाला आणि माझ्यातला माळी जागा झाला. मी धावत जाऊन काचघराच्या दारात आडवा झालो.

"आत जायचं न्हाय! आंघोळ केली का?"

"क्या?" जमादाराला नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

"पारोशानं आत पाय टाकायचा न्हाय! आन् ते बूट काढा!"

"पोरगा बराबर बोलतोय," मागून मलकप्पा म्हणाले. "मळा म्हंजे मळा. जमादारसाब, माझी आंघोळ झाल्याली हाय. म्या पंच म्हणून आत जातो, तुमी उंबऱ्यातनं बघा."

मी किल्ली दिली. दार उघडताच वाफेचा असा लोट बाहेर आला की जमादार दोन पावलं मागं सरला. मलकप्पा आत गेले. मग ते बाहेर आले, हातात काहीतरी हिरवटकाळं, ओलं, लोंबणारं घेऊन.

"यप्पा! शिजल्यात की रे!"

जमादारानं बंबातलं पाणी वाटीत काढून फुंकून चाखलं. पेंडीच्या मडक्यात नाक घातलं आणि घाईनं बाहेर काढलं. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "ये आदमी? ये शराब नहीं बना सकता." आणि पंचनामा न करताच शिपायांना घेऊन निघून गेला.

आबा हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, आता तुमी म्हणाल तसं."

"म्हणायचं काय? घरात दारू न्हाय, लबाडी न्हाय. पोरगी आमाला पसंत हाय." मलकप्पांनी गाडीतून पानांची भरलेली करंडी मागवली. ती त्यांनी निघतानाच घेतली होती. माझ्या विड्याचा त्यांनाही पहिल्यापासून संशय होता. "पर एक अट हाय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

ती अट आबांनी तिथल्या तिथं मान्य केली. गिरिजानं तर माझ्याआधी मान हलवली. मलकप्पा पुढं वारले, त्यांचा मुलगा आता आजोबा झाला, पण नळदुर्गच्या त्या पानमळ्याचा नियम अजून तोच आहे. बाकीच्यांनी आत यायचं ते आंघोळ करून, आणि मी आंघोळ करूनही यायचं नाही.