मेंढी नाही, भेडकी

एका शेळीच्या मी चाळीस शेळ्या केल्या, त्या कुणाच्या बापाच्या जिवावर नाही. सावली गावच्या बाजारात माझ्याशी भाव करायला माणसे दोनदा विचार करत. पण ऐंशीच्या दशकात एका साहेबाने मला चोर ठरवले, ते अजून डाचते.

उन्हाळ्यात गावकुत्र्यांनी पिटाळलेली एक भेडकी माझ्या शेळ्यांच्या कोठ्यात शिरली. भेडकी म्हणजे शेळीएवढे रानातले हरीण; मादीला शिंगे नसतात. मागचा पाय फाटला होता, म्हणून हाकलवेना. ठेवून घ्यावी, तर रानातले जनावर बाळगले म्हणून खटला, आणि शेळ्या जप्त. तेव्हा शहाण्यासारखा मी आपणहून वन कचेरीत गेलो. शहाणपणाची शिक्षा लगेच मिळते.

साहेब नवे, पुण्याकडचे. पुस्तके बरीच वाचलेले असावेत, कारण समोरच्याचे ऐकायची सवय पार मोडली होती. माझ्याकडे भेडकी आली आहे, घेऊन जा, असे मी सांगितले. त्यांनी चष्मा पुसला आणि हिंदीत भेड म्हणजे मेंढी, हे ज्ञान मला दिले.

"मेंढी नाई साहेब, भेडकी. जंगलातली."

"जंगलात चारता? मग दंड होईल."

माझे डोके फिरले. राग आला की मी लेखी मागतो. मग ती मेंढीच आहे, असे लिहूनच द्या, म्हटले. त्यांनी हौसेने लिहिले: अर्जदाराकडे एक मेंढी असून ती वन्यप्राणी नाही. खाली सही, शिक्का.

पंधरा दिवस मी त्या शासनमान्य मेंढीला पाला घातला, पायाला हळद लावली. मग साहेब फिरतीवर आले, कोठ्यात डोकावले आणि म्हणाले, "हा तर चौसिंगा आहे."

"चार शिंगं मोजून दाखवा, साहेब."

शिंग एकही नव्हते; चौसिंगा हे भेडकीचेच पुस्तकातले नाव, हे मला मागाहून कळले. तरी गुन्हा नोंदवायची भाषा सुरू झाली. मी कागद काढला. साहेबांनी तो वाचला. आपलेच अक्षर माणसाला कधीकधी फार वाईट दिसते.

"तो कागद जरा परत द्या ना, भाऊ."

पुण्याचा माणूस पाच मिनिटांत 'भाऊ' म्हणायला शिकला. मी सांगितले, आधी जनावर रानात सोडा, माझ्या शेळ्यांना हात लावू नका, मग देतो. तसा मी शब्द दिला.

भेडकीला बांबूच्या रानाशी सोडले. ती आत गेली, मागे वळून पाहिलेही नाही. उपकार मानायची पद्धत तिच्या जातीत नसावी. साहेबांच्या खात्यातही नव्हती. आठवड्याने पेपरात छापून आले: शेळीवाल्याच्या तावडीतून चौसिंग्याची सुटका.

त्यानंतर साहेब कागद मागायला दोनदा येऊन गेले. मी दिला नाही. शब्द दिला होता, कबूल. पण माझा शब्द त्यांना कळत होता कुठे?