मोठ्या अक्षरांचा कॉम्प्युटर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडद्यांचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसतंय तेवढं टिकेल. मी "बरं" म्हणाले. नवरा त्यांना बरंच काही विचारत होता, मी पर्स मांडीवर धरून बसले होते. रनाळ्याला घरी आल्यावर कुकर लावला. आता रडू येईल, असं वाटलं. आलं नाही.

मी हायस्कूलला मराठी शिकवायची. मुलांच्या वह्या तपासता येईनात, तेव्हा नोकरी सोडली. त्यानंतर दिवसभर खाटेवर बसून असायची. कोणी विचारलं तर बोलायची, वाढलं तर जेवायची.

नवरा नंदुरबारला बँकेत आहे. एका सकाळी गाडी काढता काढता म्हणाला, "घरमा बशीसन काय करशी? चाल, तुले वाचनालयमा सोडस." नको म्हणायचाही कंटाळा आला होता, म्हणून मागे बसले.

सार्वजनिक वाचनालयात लोकांसाठी तीन कॉम्प्युटर होते, दरवाजासमोर एका रांगेत. बाहेरचं ऊन पडद्यावर पडायचं. मी नाक काचेला टेकवलं तरी पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसेना. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत एक गोष्ट शिकले होते, दोन बटणं एकत्र दाबली की पडद्यावरचं सगळं मोठं होतं. बटणं चाचपून दाबली. एकेक अक्षर तळहाताएवढं झालं.

ग्रंथपाल धावत आले. "ताई, काय केलंत? बिघडला ना तो! सेटिंगला हात लावू नका, असं समोर लिहिलंय."

"कुठे?"

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं असावं. मग त्यांनीच खुर्ची ओढली. "परत करून दाखवा बरं."

पण मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारीक अक्षरं, पुन्हा तीच बटणं. माझ्यानंतर बसणारे कुरकुरायचे, "याला काय झालंय?" मी गेले नसते तरी चाललं असतं, पण नवरा रोज गाडी काढायचा आणि मी बसायची.

ग्रंथपालांनी संचालक मंडळाकडे विषय काढला. काही आठवडे गेले. मग धुळ्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने एका मशीनवर वेगळं खातं उघडून दिलं, काळ्यावर पिवळी अक्षरं, जाडजूड बाण, सगळं कायमचं. ते टेबल ग्रंथपालांनी उन्हापासून दूर, आतल्या भिंतीला लावून घेतलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाजही बसवला.

पहिल्या दिवशी हेडफोन लावून कोरं पान उघडलं. लिहायला काही सुचेना. खालच्या बाणाचं बटण दाबलं की आवाज म्हणायचा, "रिक्त." पुन्हा दाबलं, "रिक्त." त्या आवाजात कीव नव्हती, धीर देणं नव्हतं. कितीतरी वेळ मी तेच ऐकत बसले. खूप महिन्यांनी कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं.

पावसाळा सरताना एक मुलगी वडिलांबरोबर आली. नवापूरकडच्या डोंगरातली, घरी तिकडच्या आदिवासींची कोकणी बोलणारी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. जन्मापासूनच तिला मधलं दिसत नव्हतं. "मोठ्या अक्षरांचा कॉम्प्युटर इथेच आहे ना?" तिने विचारलं. मी उठून खुर्ची दिली. ती भराभर वाचू लागली, मान किंचित तिरकी करून.

"मान अशी का धरतेस?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही सरळ बघता का? सरळ बघितलं तर मधला डागच दिसणार. माझ्या कानाकडे बघा. हं, आता माझा चेहरा कुठे आहे?"

मी तिच्या कानाकडे पाहिलं. डागाच्या कडेला नाक आलं, नाकातली चमकी आली, हसताना दिसणारे दात आले. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं का? असेलही. त्या दिवशी मी काही ऐकतच नव्हते.

संध्याकाळी नवरा अंगणात हातपाय धूत होता. मी त्याच्या खांद्यापलीकडे नजर लावून उभी राहिले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. गाल आत गेले होते. माझ्या दुखण्यात तो इतका वाळला, हे मला माहीतच नव्हतं.

"तिकडे काय देखी ऱ्हायनी?" तो म्हणाला.

"तुमलेच देखस."

त्याने मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. मग तो तसाच उभा राहिला, हातातला तांब्या कलंडून पाणी पायावर सांडलं तरी. मला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. मी आत जाऊन टॉवेल आणून दिला.

आता ती मुलगी दुपारपर्यंत बसते, नंतर मी. दुसरंही मशीन तसंच करून द्या, असा अर्ज आम्ही दोघींनी दिलाय. ग्रंथपाल म्हणतात, बघू.