पेटीच्या आतलं ऊन

माझा नवरा उन्हाळ्यात माणसांपेक्षा पेट्यांची काळजी जास्त करतो. अकोल्यात पारा सेहेचाळिसाला टेकला की लोक दारं लावून कूलरपुढे आडवे होतात. हा विचारतो, "शेतातल्या पेटीच्या आत किती झालं असन?" पुण्यातली नोकरी सोडून आम्ही परत आलो तेच सौर पंपाच्या कंट्रोलर पेट्या बनवायला, त्यामुळे मी फार बोलू शकत नाही. बोलते मात्र.

त्या पेटीत नखाएवढी चिप असते. पंपाची सगळी वीज तिच्यातून जाते आणि ती तापते. तिच्या पोटात काही थर्मामीटर घालता येत नाही. म्हणून हा उलट्या बाजूने जातो. पेटीच्या पाठीला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांचं तापमान मोजायचं, चिप किती उष्णता सोडते ते काढायचं, मध्ये त्या उष्णतेला होणारा अडथळा धरायचा आणि आतला आकडा सांगायचा. सुरुवातीला तो पिस्तुलासारखं यंत्र पट्टीवर रोखून मोजायचा. यंत्र म्हणालं चाळीस आणि माझं बोट भाजलं. चकचकीत धातू त्या यंत्राला फसवतो. मग पट्टीवर काळा टेप चिकटवून त्यावर मोजलं, तेव्हा खरा आकडा आला. त्या भाजलेल्या बोटाचे आभार अजून कोणी मानलेले नाहीत.

पहिली पेटी बाळापूरजवळ माझ्या मावशीच्या लिंबाच्या बागेत लावली. एप्रिल बरा गेला. मे लागला आणि दुपार झाली की मावशीचा फोन, "पोरी, तुही पेटी पुन्हा बंद पडली." पट्ट्या पंच्याऐंशी अंशांवर गेल्या की पेटी आपणहून पंप थांबवते, तशी सोयच आहे. पण नवऱ्याच्या हिशेबाने भर दुपारीही त्या सत्तरच्या वर जायला नको होत्या. आम्ही जाऊन मोजायचो. सकाळच्या हवेला हिशेब जो आकडा सांगायचा, तोच पट्टीवर मिळायचा. घरी पोचलो की फोन.

शेवटी तो खचला. पुण्याच्या कंपनीने परत बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "आत काय होऊन राहिलं तेच मले सांगता येत नसन, तर लोकाईच्या शेतात पेट्या कायले लावू?" तो म्हणाला. "जाऊ पुण्याले." मला त्याचा राग आला. त्याच्या हिशेबावर त्याच्यापेक्षा माझा विश्वास जास्त आहे, हे मला तेव्हाच कळलं.

"पेटी बंद पडते दुपारी आन् तू मोजतो सकाळी," मी तडकलेच. मे महिन्यात बारा ते चार आमच्याकडे शहाणं माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणून आम्ही नेहमी सकाळी जाऊन अकराच्या आत परतायचो. "आज दुपारीच जाऊ. आन् मावशीले फोन करू नको, उगाच पुरणाचा घाट घालते."

डोक्याला दुपट्टे बांधून शेतात पोचलो तर पंप बंद. पेटीच्या जागी सुतळीने आवळलेलं पोत्याचं गाठोडं. ज्या पट्ट्यांमधून वारा खेळून पेटी थंड व्हायची, त्या सगळ्या पोत्याखाली. पोतं वाळून कडक झालेलं.

आमची गाडी पाहून मावशी धावत आली आणि आधी पोतंच सोडायला लागली. "जवाईबापू, फोन तरी करा लागत होता! लय तापते बिचारी, म्हनून माठाले गुंडाळतो तसं रोज सकाळी ओलं पोतं गुंडाळतो मी. तुमी येनार असले की काढून ठेवतो. जवाई येनार आन् पेटीवर घानेरडं पोतं, बरं दिसते का?"

मला हसू आवरेना. हा हसला नाही. त्याने काळ्या टेपवर यंत्र रोखलं, आकडा पाहिला, मग तिथेच उकिडवा बसून काडीने मातीत हिशेब मांडला. "पोतं वाळलं की वारा बंद. म्हंजे पट्टी नव्वदीच्या पार जाईन. थे पंच्याऐंशीवर थांबली. थांबालेच पायजे होती!" हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पेटी बिघडत नव्हती. ती रोज दुपारी स्वतःला वाचवत होती.

मावशीचा चेहरा पडला. "म्हंजे मीच तिचा जीव घेऊन राहिली होती का?"

"नाई मावशी, तुमी तर जपून राहिल्या होत्या," तो म्हणाला. "फक्त उघडी राहू द्या. तिले वारा लागते."

आम्ही मावशीने आणलेलं ताक पिऊन होईतो पट्ट्या निवल्या आणि पंप आपणहून सुरू झाला. लिंबांच्या आळ्यांत पाणी पडू लागलं. याने तिथूनच पुण्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. तिकडून कारण विचारलं असावं.

"माझा हिशेब बरोबर होता," तो म्हणाला.

पलीकडच्या माणसाला काय कळलं असेल कुणास ठाऊक. मी मात्र लिंबाच्या झाडाआड जाऊन रडून घेतलं.