वारा न्या, माणसं द्या

मकबूल मास्तर भर दुपारी मेलेल्या माणसांची हजेरी घ्यायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा तीच चालली होती. उन्हाने उमरग्याचा रस्ता पांढरा पडला होता, हैदराबादकडे जाणारे ट्रक लिंबाखाली थांबले होते. बैठकीत मास्तर एकटेच, पुढ्यात एक जाड इंग्रजी वही. ते एक नाव उच्चारत, चष्म्यावरून समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत, पोराने ‘हजर’ म्हणावं एवढा वेळ थांबत आणि पुढचं नाव घेत. मधूनच म्हणत, “एक देशी खलाशी.” तिथे मात्र ते फार वेळ थांबत. इतका, की मीही नकळत सतरंजीकडे बघू लागलो.

“इथं जास्त का थांबता, मास्तर?” मी विचारलं.

“ज्याला नाव न्हाय, त्याला आपल्यालाच बोलावलंय हे कळायला येळ लागतो,” ते म्हणाले. “बस. पाणी पितो का? तो पेला सोडून दुसरा घे.”

तो पेला वहीशेजारी रोज भरून ठेवलेला असे. दर्यात मेलेला माणूस पाण्यात असून तहानलेला मरतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी पेला अर्धा झालेला दिसे. उन्हाळ्यात पाणी आटणारच, असं मी एकदा ठणकावून सांगितलं. ते हसले. “आटलं म्हन, पिलं म्हन. कमी झालं का न्हाय?”

ते शाळेत इतिहास शिकवत. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाआधी उर्दूतून, नंतर मराठीतून. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचा थोरला भाऊ दस्तगीर तरुणपणी मुंबईला पळाला, आरमारी जहाजावर खलाशी झाला आणि परत आला नाही. जहाज कोणतं, हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे मास्तरांना कळलं की जहाजाच्या लॉगबुकात रोजचा वारा, हवेचा दाब, दिशा लिहितात, आणि माणूस मेला तर तेही त्याच पानावर लिहितात. गोरे गेले तेव्हा अशी काही लॉगबुकं मुंबईच्या जुन्या बाजारात रद्दीत आली. ओळखीचे ट्रकवाले ती सिमेंटच्या पोत्यांवर टाकून उमरग्याला आणत. मास्तर भावाला शोधत पान न् पान वाचत.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. मला वाटे, लिहायचं आणि पेटवायचं. पहिल्याच भेटीत मी म्हणालो, “इंग्रजांच्या तोफांची ही दप्तरं. चौकात होळी केली पाहिजे.”

“कर की, पुढारी,” मास्तर शांतपणे म्हणाले. “गोऱ्याचं नाव, हुद्दा, गाव, सगळं लिवलंय. आपल्या माणसाचं नुसतं ‘एक’. ह्यो पुरावा हाय. पुरावा जाळणारा कुणाचा दोस्त असतो? पोलीस ॲक्शनच्या साली आपल्या गावातले जे मारले गेले, त्यांचं तर तेवढंबी कुणी लिवलं न्हाय. आता इचार कुणाला इचारतो ते.”

विलीनीकरणाच्या विजयावर मी डझनभर पत्रकं लिहिली होती. त्यांतल्या एकातही त्या माणसांची ओळ नव्हती.

वहीतला मजकूर कोंडून ठेवणं त्यांना हराम वाटे. पुण्याचे जोगळेकर, मद्रासचे एक प्राध्यापक, असे जुन्या वादळांचे अभ्यासक त्यांना पत्रं लिहीत. मास्तर वाऱ्याचे तक्ते स्वतः उतरवून पाठवत. अट एकच: वारा न्या, माणसं द्या. ज्याच्याकडे दुसरी लॉगबुकं असतील त्याने त्यांतल्या मृत्यूच्या नोंदी उतरवून पाठवायच्या. जोगळेकरांनी एकदा कळवलं की हवामानाच्या अभ्यासाला माणसांचा उपयोग नाही आणि त्यांना तेवढा वेळही नाही. मास्तरांनी तयार पाकीट फडताळात ठेवून दिलं. “साहेबाला वाऱ्याचं येड हाय. त्या वाऱ्यानं कोण नेलं, ते नको.” सहा महिन्यांनी जोगळेकरांच्या नोंदी आल्या, मगच पाकीट टपालात पडलं.

मृत्यूच्या नोंदींची सगळी यादी छापून अभ्यासकांना वाटावी, ही कल्पना माझी. आमची पत्रकं छापणारा छापखाना तयार झाला. पण अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी वैतागला. “‘ख’चे खिळे संपले. ‘एक देशी खलाशी’ एकदाच टाकतो, पुढं ‘इतर’ म्हणू.”

मास्तर स्वतः छापखान्यात गेले. “तुला मोजताना तुझ्या बापानं ‘इतर’ म्हटलं का रे? ज्याची त्याची ओळ.” मग एक पान जुळवायचं, छापायचं, खिळे सोडवायचे, दुसरं जुळवायचं, असं करत यादी निघाली.

त्या वह्यांना समुद्राचा वास होता. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेला कागद दमट हवेत ओल ओढतो. त्यामुळे पावसाआधी पानं गार पडत. हे मला समजत होतं. पण वैशाखात, आभाळात टिपूस नसताना, मास्तर तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा ती सगळी पानं ओली लागली. ते का, ते मला समजलं नाही.

त्याच आठवड्यात जोगळेकरांकडून नव्या नोंदी आल्या होत्या. मास्तरांचा आवाज गेला होता. खुणेनेच त्यांनी मला हजेरी घ्यायला लावली. मी वाचत गेलो, थांबत गेलो. मग आलं: “एक देशी खलाशी, वादळात डेकवरून वाहून गेला.”

मी थांबलो. बाहेर एक ट्रक सुरू झाला आणि लांब गेला.

“हजर,” मास्तर म्हणाले.

आवाज स्पष्ट होता. तो त्यांचाच होता, पण पंचवीस वर्षांच्या माणसाचा होता. डोळे मिटलेलेच. त्यांची बायको, हलीमाबी, स्वयंपाकघरातून धावत आल्या. “कोण आलंय?” त्यांनी मला विचारलं, नवऱ्याला नाही. संध्याकाळी मास्तर गेले.

‘हजर’ म्हणाला तो दस्तगीर होता का, हे मला ठाऊक नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वह्या हलीमाबींनी मला सांभाळायला दिल्या, पण त्या मास्तरांच्याच बैठकीत ठेवल्या, आणि देवाणघेवाण अजून त्याच अटीवर चालते.

परवा जोगळेकर स्वतः उमरग्याला आले. पिशवीतून त्यांनी त्या वादळाचं मूळ लॉगबुक काढलं. “नकलेवर भागवायला नको वाटलं,” म्हणाले. “हे इथंच राहू दे. मला लागलं तर नक्कल पाठवा.” मग सतरंजीवर बसून त्यांनी मास्तरांच्या वह्यांतले तक्ते उतरवायला पेन काढलं. मी म्हटलं, या घरात आधी हजेरी होते. हलीमाबींनी पेला भरून ठेवला.

मी त्या वादळाचं पान उघडलं. “एक देशी खलाशी,” म्हणालो आणि थांबलो.

जोगळेकरांनी पेन खाली ठेवलं. मग ते सतरंजीवर जरा सरकले, आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.