क्रॅक केलेलं प्लगइन आणि माझा फुटलेला ओठ

ओठ सुजलाय, बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. सोलापुरातल्या वेबसाईटवाल्यांनो, हे तुमच्यासाठीच आहे.

दुपारी करमाळ्याचे ट्रॅक्टर पार्टवाले अण्णा माझ्या जुळे सोलापूरच्या ऑफिसात घुसले. ऐन ऊसतोडीत मी बनवलेली त्यांची साईट उघडेना. बघितलं तर मालवेअर, म्हणजे साईटमध्ये शिरलेला व्हायरस. मी लगेच म्हणालो, "तुम्हीच कुणाला तरी पासवर्ड दिला असणार."

अण्णांनी कानाखाली ठेवून दिली. ओठ दातावर फाटला. मीही कॉलर धरली. कीबोर्ड तुटला, स्टूल भिंतीवर आदळलं. शेवटी शेजारच्या टेलरनं आम्हाला ओढून वेगळं केलं.

मग रक्त पुसत मी अण्णांसमोरच फाईली उघडल्या. मालवेअर होतं फोटो सरकवणाऱ्या प्लगइनमध्ये. विकत घ्यायचं सोडून फुकटात मिळालेलं, लायसन्सचं कुलूप तोडून क्रॅक केलेलं प्लगइन.

"कुणी घातलं ह्ये?"

अण्णांना त्यातलं काही कळत नाही. खोटं सहज खपलं असतं.

"मी."

त्यांनी हात उगारला आणि खाली घेतला. "आता मारू वाटंना बग. आदी साईट चालू कर."

ते प्लगइन मी आपल्या वेबसाईटवाल्यांच्याच ग्रुपवरून घेतलं होतं. त्याखाली तुम्हीही लाईकचे अंगठे दिले होते, म्हणजे तुमच्याही साईटींवर ते असणार. तुमच्या गिऱ्हाइकाला आजच सांगणार, का तो दारात यायची वाट बघणार?