नऊ सेकंदांची माफी

औषधाच्या दुकानात तिनं आईसाठी डोळ्यांत घालायचे थेंब मागितले, तसा दुकानदार मान वर करून तिच्याकडे बघतच राहिला.

"अहो, तुम्ही त्या डॉक्टरची बायको ना? मालिकेतली? आवाजावरून ओळखलं मी!"

ती हसली. इतकी वर्षं आवाजाचं काम करून रस्त्यात कुणी ओळखायची वेळ आता कुठे आली होती. पण दुकानदार काही हसत नव्हता. "एक विचारू का? राग मानू नका. स्वतःच्या नवऱ्याला पकडून देताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही हो?"

घ्या! थेंबांची बाटली आणायला गेलेल्या बाईनं भर दुकानात नवऱ्याच्या अटकेचा जाब द्यायचा. तो नवरा नाही, त्याला तिनं पकडून दिलेलं नाही, ती दुसऱ्या कुठल्याशा भाषेतली मालिका आहे आणि आपण तिला फक्त आवाज दिलाय, हे सगळं सांगून झालं. मग तिनं मुद्द्याचं सांगितलं. "आणि तो बनावट इंजेक्शनं विकत होता की हो. दोन पेशंट गेले त्याच्यामुळे. नर्सला कळलं, तर तिला जिन्यावरून ढकलून दिलं."

"ते खरंय," दुकानदार म्हणाला. "पण लेकीसाठी करत होता ना बिचारा. माणूस मनानं फार चांगला आहे."

हे कोण म्हणतंय? जो दिवसभर खरी औषधं विकतो तो! तिनं बाटली उचलली आणि तरातरा बाहेर पडली. सुट्टे घ्यायचेही राहिले.

डबिंगमध्ये तिची चोवीस वर्षं गेली होती. खारूताईपासून महाराणीपर्यंत सगळ्यांना तिनं आवाज दिला होता. काचेच्या बंद खोलीत उभं राहायचं, कानाला हेडफोन लावायचे, समोरच्या पडद्यावरची बाई तोंड उघडेल तेव्हा आपण उघडायचं आणि ती मिटेल तेव्हा मिटायचं, एवढंच ते काम. दिसायला सोपं, करायला घाम काढणारं. दुसऱ्याच्या ओठांवर आपली भाषा बसवायची म्हणजे श्वाससुद्धा तिच्याच जागी घ्यावा लागतो. डॉक्टरच्या बायकोचा श्वास तिला आता पाठ झाला होता. काही अवघड बोलायच्या आधी ती बाई एक छोटासा श्वास नाकानं घ्यायची, आणि हल्ली किराणावाल्याशी घासाघीस करतानासुद्धा हिच्याकडून तसाच श्वास घेतला जायचा.

मालिका तुफान चालली. डॉक्टरला आवाज देणारा माणूस स्वभावानं इतका गरीब, की बूथमध्ये खून करून बाहेर आला की सगळ्यांना "चहा घेणार का?" म्हणून विचारायचा. त्याची चैन झाली. न्हावी त्याचे केस फुकट कापू लागला, आणि रिक्षावाले म्हणू लागले, "डॉक्टरसाहेब, एकदा ते 'माझ्या मुलीकडे बघायचं नाही' म्हणून दाखवा की!" आणि हिला? हिला शेजारीण लिफ्टमध्ये म्हणाली, "घरभेदीच निघालीस गं." हसत म्हणाली, पण म्हणाली.

वाहिनीकडे प्रेक्षकांचे ढिगानं निरोप यायचे. त्यातले निवडक डबिंगचा दिग्दर्शक वाचून दाखवायचा. तिशीतला हुशार माणूस, सगळ्यांना ताई-दादा म्हणणारा. डॉक्टरनं नर्सला ढकललं त्या आठवड्यात लोकांनी लिहिलं, 'त्याच्यावर किती ताण असेल!' पुढच्या आठवड्यात बायको नवऱ्याला खोटं सांगून बहिणीकडे गेली. बहिणीकडे! तर लोकांनी लिहिलं, 'खोटारडी. असल्या बाईचा काय भरवसा?' तिनं एकदा विचारलं, "नर्सबद्दल काय लिहितात रे लोक?" दिग्दर्शकानं कागद खालीवर केले. नर्सबद्दल कुणीच काही लिहिलं नव्हतं.

लिहिणार तरी कशाला? नर्सला आवाजसुद्धा धड मिळाला नव्हता. मालिकेत मरणारी माणसं, फोनवरच्या बायका, दवाखान्यातली गर्दी, हे सगळं एकच पोरगेलीशी मुलगी करायची. तिला सगळे 'गर्दी' म्हणायचे. दोन्ही पेशंट आणि नर्स मिळून तिघांचं मरण गर्दीनं एका दुपारी वीस मिनिटांत उरकलं होतं.

लोकांचं एकवेळ सोडा, लोकांना काय, टीव्ही बंद केला की झालं. पण हिच्या घरी टीव्ही बंद केला तरी मालिका चालूच असायची.

आई एक्याऐंशीची. दृष्टी जवळजवळ गेलेली, उजेड-अंधार तेवढा कळायचा. कान मात्र असे तिखट, की स्वयंपाकघरात कपाळाला आठ्या घातल्या तरी म्हातारीला खोलीत ऐकू जाव्यात. रोज संध्याकाळी साडेसातला ती टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसायची आणि मालिका ऐकायची. लेकीचा आवाज आला की तोंड वाकडं करायची. सुरुवातीला लेकीला गंमत वाटली. मग एके दिवशी आई म्हणाली, "तुला या बाईचं काम बरोबर दिलं त्यांनी. तुझा आवाजच तसा आहे. माणसाला आत घालणारा."

झालं. पंधरा वर्षांपूर्वीचं मढं पुन्हा उकरलं गेलं.

पंधरा वर्षांपूर्वी धाकटा भाऊ गाडी चालवत होता आणि ही शेजारी बसली होती. तो पिऊन आला होता. सिग्नल लाल होता आणि तो थांबला नाही. सकाळचे पेपर टाकणारा एक माणूस सायकलवरून चौक ओलांडत होता. गाडी त्याच्या पायावरून गेली, आणि तो पाय पुढे गुडघ्यापासून कापावा लागला. पोलीस यायच्या आत भाऊ हिच्या कानाला लागला, "तोच मध्ये आला म्हणून सांग. ताई, एवढंच सांग." हिनं जे झालं ते सांगितलं. भाऊ दीड वर्ष तुरुंगात जाऊन आला.

तेव्हापासून आईच्या लेखी हिशेब सरळ होता. बाळ दमून आला होता, बाळाला डुलकी लागली, बाळाच्या नशिबात ते लिहिलेलं होतं. बाळ आज सेहेचाळीस वर्षांचा आहे, टक्कल पडलंय, तरी बाळच! आणि हिनं काय केलं? हिनं सख्ख्या भावाला आत घातलं. वाद फारच वाढला की आई हिचा एक जुना गुन्हा बाहेर काढायची. सोळाव्या वर्षी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून ही नाटकाला गेली होती. "खोटं बोलायला तू कमी होतीस का? मोठी सत्यवादी!"

भाऊ फोन करायचा, आईशी लाडीगोडीनं बोलायचा, पण घरी यायचा नाही. त्याची अट होती. ताईनं माफी मागायची, मग तो उंबऱ्यात पाय ठेवील. आई रोज चहाच्या वेळी तोच विषय काढायची. "दोन शब्द तर आहेत. चुकलं माझं. म्हणून टाक. मी डोळे मिटायच्या आत पोराचा हात तरी हातात येईल माझ्या."

आईला न्हाऊ घालणारी ही, थेंब घालणारी ही, सगळं करणारी ही, आणि वाट बघायची त्याची. हिच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. पण म्हातारीनं रात्री उशाखालचा बाळाचा लहानपणीचा सदरा चाचपलेला दिसला की तो संताप ओसरायचा. म्हणून टाकावेत ते दोन शब्द, असं हिला अनेकदा वाटायचं. चहा गाळताना ते पार ओठांवर यायचे. मग तो चौक डोळ्यांपुढे यायचा, रस्ताभर पसरलेले पेपर दिसायचे, आणि ही गाळणी धुवायला घ्यायची.

अशात मालिकेचा शेवटचा भाग डबिंगला आला.

शेवटच्या प्रसंगात बायको तुरुंगात डॉक्टरला भेटायला जाते. दोघं जाळीच्या दोन बाजूंना बसतात आणि बोलत नाहीत. मग ती उठते, पाठ करते आणि दारापर्यंत चालत जाते. मूळ मालिकेत तिथं फक्त पावलं वाजतात. दिग्दर्शकानं हिच्यापुढे कागद ठेवला. त्या पावलांच्या जागी लिहिलं होतं, 'मला माफ कर. चुकलं माझं.'

"हे कुठून आलं?" तिनं विचारलं.

"वरून," दिग्दर्शक म्हणाला. "लोकांची फार मागणी आहे, ताई. बायकोनं माफी मागितली नाही तर शेवट लोकांना पटणार नाही म्हणतात. पाठमोरा शॉट आहे, नऊ सेकंद. तोंड दिसत नाही, ओठ जुळवायची भानगड नाही. काहीही बसतं तिथं."

त्याचं खरं होतं. पाठमोऱ्या शॉटमध्ये काहीही बसतं. तिनंच चोवीस वर्षांत किती पाठमोऱ्या बायकांच्या तोंडी काय काय घातलं होतं! शिवी असली तिथं 'देवा' घातलं होतं, मूळ लेखक निरोपाचं लिहायला विसरला तिथं 'येते हं' घातलं होतं. कधी हरकत घेतली नव्हती.

ती बूथमध्ये गेली. हेडफोन लावले. पडद्यावरची बाई उठली, पाठ केली, चालू लागली. हिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्या टेकला तिनं 'मला माफ कर' एवढं म्हटलं आणि थांबली.

"ताई, पाणी हवंय का?" काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला.

"ती श्वास घेत नाहीये," ही म्हणाली.

"काय?"

"अवघड बोलायच्या आधी ती नाकानं श्वास घेते. पावणेदोनशे भाग घेतलाय. इथं बघ, तिचे खांदे हललेसुद्धा नाहीत. तिला काही बोलायचंच नाहीये रे. ती नुसती घरी चाललीय."

"ताई, श्वास कोण बघतंय?"

"मी बघतेय! तीन माणसं मारली त्यानं. त्याला कुणी माफी मागायला सांगितली का? एकाच्या तरी निरोपात आहे का तसं? मग हिनं कशाबद्दल मागायची?" तिचा आवाज चढला, आणि चोवीस वर्षांत प्रथमच काचेपलीकडच्या यंत्राचा काटा लाल पट्टीत जाऊन आदळला. "मी नाही म्हणणार. दुसरं कुणी आणा."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. तो फक्त दमला होता, आणि भाग संध्याकाळी साडेसहापर्यंत वाहिनीकडे पोचवायचा होता. "पुढच्या मालिकेत मला तुमचं नाव सुचवता येणार नाही, ताई," तो खाली बघत म्हणाला. तिनं हेडफोन खुंटीला अडकवले आणि पर्स घेऊन निघाली. बाहेर बाकावर 'गर्दी' एकटीच बसली होती. "ताई, मला आत बोलावलंय. काय झालं?" तिनं विचारलं. हिनं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि जिना उतरली.

साडेसातला आई खुर्ची ओढून बसली. हीही शेजारी बसली. मालिकेला ती कधी बसत नसे, पण आज उठवेना. शेवटचा प्रसंग आला. जाळी, शांतता, खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं. मग त्या पावलांवर एक बाई म्हणाली, "मला माफ कर. चुकलं माझं."

आईनं मान तिरकी केली. "ही तू नाहीस."

"नाही."

"ही..." आई कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. "अगं, ही तर ती नर्स! जिन्यावरून पडली ती. मेली होती ना ती? ती कशाला माफी मागतेय?"

लोकांनी पावणेदोनशे भाग डोळे फाडून बघितलं होतं, आणि कळलं कुणाला, तर दृष्टी गेलेल्या म्हातारीला. हिला हसूही आलं आणि रडूही.

"मी नाही म्हणाले, म्हणून तिला म्हणायला लावलं," ती म्हणाली.

आईनं पदर सारखा केला. मग जुन्याच सुरात म्हणाली, "म्हटलं असतंस तर काय गेलं असतं तुझं? दोन शब्द तर होते."

"आई!" तिनं टीव्ही बंदच केला. "काय गेलं असतं? काम गेलंय माझं त्या दोन शब्दांपायी! पंधरा वर्षं ऐकतेय मी. बाळ दमला होता, बाळाचं नशीब. त्या माणसाचा पाय गेला, आई! धडधाकट माणसाचा पाय! त्याचं कधी एका शब्दानं विचारलंस? एकदा तरी?"

बोलून झाल्यावर तिला धाप लागली. आईनं मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले. ती आता रडेल नाहीतर बाळाला फोन लाव म्हणेल, असं हिला वाटलं. तसं काहीच झालं नाही.

"पेपर टाकायचा ना तो?" आईनं विचारलं.

"हो."

"काय करतो गं आता?"

तिनं तोंड उघडलं. आईशी, भावाशी, मावशीशी, साऱ्या गोतावळ्याशी ती त्या एका पायासाठी पंधरा वर्षं भांडली होती. तो चौक घरापासून बसनं वीस मिनिटांवर होता. ती एकदाही तिथं गेली नव्हती, कुणाला विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"तुला पण माहीत नाही?" आईनं विचारलं.